थव्यात न वळलेला माणूस

एम-थ्रीचं नाव काढलं की आपल्यापैकी निम्म्या जणांच्या पोटात गोळा येतो. उरलेल्या निम्म्यांना तो व्हायवाच्या दिवशी येतो! लाप्लास, फूरिये, कोशी ही नावं आपण घोकतो, पण ही हाडामांसाची माणसं होती, त्यांनाही घरदार होतं, नोकरीची काळजी होती, हे कधी डोक्यातच येत नाही. इंटिग्रल इक्वेशनच्या एका प्रकाराला व्होल्टेरा हे नाव आहे. त्या नावामागचा माणूस मला भेटला तो मात्र भलत्याच वाटेनं, पक्ष्यांच्या थव्यांमधून.

झालं असं की पाचव्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपनं मिनी प्रोजेक्टसाठी थव्याचं सिम्युलेशन घेतलं. त्यासाठी वाचताना रोममधल्या पक्ष्यांपर्यंत पोचले, तिथून रोमच्या एका जुन्या विज्ञान अकादमीपर्यंत आणि तिथून तिच्या एका अध्यक्षांपर्यंत. त्यांची गोष्ट वाचली आणि ठरवलं, या अंकात लिहायचं तर यांच्यावरच. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, मराठी आजीशी गप्पा मारण्यापुरतं. तेव्हा भाषा थोडी सांभाळून घ्या!

विटो व्होल्टेरा यांचा जन्म ३ मे १८६० चा. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर आंकोना नावाचं बंदर आहे, तिथल्या एका ज्यू कुटुंबात. वडील कापडाचे व्यापारी. विटो दोन वर्षांचा असतानाच ते गेले. हाताशी पैसा नाही. मग विटोच्या मामानं, अल्फोन्सो आल्माजिया यांनी, बहिणीला आणि भाच्याला आपल्या घरी आणलं. मामा बँकेत नोकरीला होते. त्यामुळे विटोचं बालपण आधी तुरीनमध्ये आणि मग फ्लॉरेन्समध्ये गेलं.

पोरगा भारीच होता. अकराव्या वर्षी तो अंकगणिताची आणि भूमितीची मोठ्यांची पुस्तकं वाचायला लागला. तेराव्या वर्षी ज्यूल व्हर्नची चंद्रावर जाणाऱ्या तोफगोळ्याची कादंबरी त्याच्या हाती पडली. आपण असं पुस्तक वाचून फार तर मित्राला देऊ. यानं तो गोळा खरंच कुठल्या वाटेनं जाईल याचं गणित मांडलं! पृथ्वीही ओढतेय आणि चंद्रही ओढतोय, मग करायचं काय? त्यानं वेळेचे लहान लहान तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्यात ओढ बदलत नाही असं धरलं आणि एक एक पाऊल पुढे गेला. आपण आज कॉम्प्युटरवर न्यूमरिकल मेथड चालवतो ती वेगळं काय करते?

पण घरची परिस्थिती म्हणत होती, बँकेत चिकट. ही गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही घरातली वाटेल. नात्यातले एक इंजिनिअर होते, एदोआर्दो आल्माजिया. पोराची समजूत काढायचं काम घरच्यांनी त्यांच्यावर सोपवलं. ते समजूत काढायला आले आणि स्वतःच त्याच्या बाजूचे झाले! पुढे याच एदोआर्दोंची मुलगी व्हर्जिनिया विटोची बायको झाली. रोइती नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी विटोला प्रयोगशाळेत मदतनीसाची जागा दिली, तेव्हा तो शाळेतच होता. १८७८ मध्ये तो पिसाच्या विद्यापीठात गेला, १८८२ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिथेच मेकॅनिक्सचा प्राध्यापक झाला. तेवीस! म्हणजे आपल्या सुपर सीनिअर्सचं वय. (इथून पुढे त्यांना अहो-जाहो करायलाच हवं.)

त्यांच्या गणिताबद्दल थोडक्यात सांगते, घाबरू नका. फंक्शनमध्ये एक आकडा घातला की एक आकडा बाहेर येतो. व्होल्टेरांनी विचारलं, आकड्याऐवजी अख्खी वक्ररेषाच आत घातली तर? १८८७ पासून त्यांनी यावर काम केलं आणि त्यातून गणिताची एक नवी शाखा उभी राहिली. त्यांच्या इक्वेशनमध्ये आजची स्थिती फक्त आजच्या जोरावर ठरत नाही, आजपर्यंत काय काय घडलं त्या सगळ्यावर ठरते. जणू वस्तूला आठवण असते. मेकॅनिकलवाल्यांसाठी अजून एक. १९०७ मध्ये त्यांनी पोकळ सिलिंडर कापून, कापलेल्या कडा जराशा सरकवून परत जोडला तर आत कोणते ताण तयार होतात, याचं गणित मांडलं. पुढे धातूच्या क्रिस्टलमधले दोष समजून घ्यायला तेच उपयोगी पडलं. मटेरिअल सायन्समध्ये आपण डिसलोकेशन शिकतो ना, त्याच्या मुळाशी हे आहे.

१९०० मध्ये ते रोमच्या विद्यापीठात आले आणि १९०५ मध्ये इटलीच्या सिनेटचे सदस्य झाले. तोवर त्यांचं नाव युरोपभर झालं होतं. पण नुसतं खुर्चीत बसणारा हा माणूस नव्हता. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा पंचावन्नाव्या वर्षी ते सैन्याच्या इंजिनिअर दलात दाखल झाले. वयाचा विचार न करता एअरशिपच्या चाचण्यांमध्ये स्वतः उड्डाणं केली आणि पेट घेणाऱ्या हायड्रोजनऐवजी हीलियम वापरा असं सुचवलं. युद्धानंतर इटलीची राष्ट्रीय संशोधन परिषद उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. ज्या लिन्चेई अकादमीचे गॅलिलिओ एकेकाळी सभासद होते, तिचंही अध्यक्षपद १९२३ ते १९२६ त्यांच्याकडे होतं.

आता येऊ माशांकडे. त्यांच्या मुलीचं, लुईझाचं, लग्न उम्बेर्तो दान्कोना नावाच्या तरुण प्राणिशास्त्रज्ञाशी ठरलं होतं. तो एड्रिआटिक समुद्राकाठच्या मासळी बाजारांचे आकडे गोळा करत होता. त्यात त्याला एक कोडं सापडलं. फ्यूमे बंदरात, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या रिएकात, १९१४ मध्ये एकूण मासळीत शार्क आणि तिच्या जातीचे शिकारी मासे सुमारे १२ टक्के होते. युद्ध चालू राहिलं तसा हा आकडा वाढत गेला आणि १९१८ मध्ये ३६ टक्क्यांवर पोचला. शांतता झाल्यावर उतरत उतरत १९२३ मध्ये पुन्हा ११ च्या आसपास आला. युद्धामुळे मासेमारी कमी झाली होती, हे उघड होतं. पण मासेमारी कमी झाली तर सगळेच मासे वाढायला हवेत. शिकारीच का वाढले? होणाऱ्या जावयानं हा प्रश्न होणाऱ्या सासऱ्यांपुढे ठेवला.

व्होल्टेरा तेव्हा पासष्टीचे होते. त्यांनी फक्त दोन इक्वेशन लिहिली. लहान मासे आपल्या संख्येच्या प्रमाणात वाढतात आणि शिकाऱ्यांशी गाठ पडली की कमी होतात. शिकारी खाणं मिळालं नाही तर घटतात आणि गाठ पडली की वाढतात. दोघांची गाठ किती वेळा पडेल? तर दोन्ही संख्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात. ही युक्ती त्यांनी वायूच्या सिद्धांतातून उचलली. मासे म्हणजे जणू डब्यात सैरावैरा फिरणारे रेणू! उत्तर असं आलं की दोन्ही संख्या कायम वरखाली होत राहतात, एकीच्या मागे दुसरी. आणि तुम्ही दोघांनाही सरसकट पकडायला लागलात तर सरासरीत शिकारी कमी होतात, पण लहान मासे चक्क वाढतात. मासेमारी थांबली की याच्या उलट. कोडं सुटलं. याच हिशेबानं, शेतात औषध फवारलं आणि किडीबरोबर तिला खाणारे मित्रकीटकही मेले, तर कीड वाढूही शकते. १९२६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका यांनी अशीच इक्वेशन स्वतंत्रपणे आधी मांडली होती, म्हणून आज दोघांचंही नाव एकत्र घेतात.

तुम्ही म्हणाल, यात थवा कुठे आला? तोच तर मुद्दा आहे. खरे मासे रेणूंसारखे सैरावैरा फिरत नाहीत. ते एकत्र पोहतात, एकत्र वळतात. हजार मासे एका जागी गोळा झाले की शिकाऱ्याला हजार वेगळी सावजं मिळत नाहीत, एकच ठिपका शोधावा लागतो. मग गुणाकाराचा हिशेब चुकायला लागतो. व्होल्टेरांनी किती मासे हे सांगितलं, पण ते कसे चालतात हा प्रश्न पुढच्यांसाठी उरला. त्या काळात यावर बोलणंही अवघड होतं. एडमंड सेलूस या इंग्रज पक्षिनिरीक्षकाचं १९३१ मध्ये एक पुस्तक आलं. थवा एका क्षणात वळतो म्हणजे पक्ष्यांचे विचार एकमेकांपर्यंत थेट पोचत असावेत, असं त्यानं त्यात मांडलं. म्हणजे टेलिपथी!

खरं उत्तर खूप साधं निघालं. क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ मध्ये कॉम्प्युटरवर थवा उडवला तो तीन नियमांवर: शेजाऱ्याला धडकू नका, शेजारी जातो त्या दिशेला जा, शेजाऱ्यांपासून लांब पडू नका. बॅटमनच्या १९९२ च्या सिनेमातली वटवाघळं अशीच उडवली आहेत. बुडापेस्टच्या तमाश विचेक यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ते अजून सोपं केलं. प्रत्येक कणानं दर पावलाला आजूबाजूच्यांच्या दिशांची सरासरी घ्यायची आणि तिकडे वळायचं, त्यात थोडी चूक म्हणजे नॉइज मिसळायचा. बास! नॉइज जास्त असेल तर नुसता गोंधळ. तो एका मर्यादेच्या खाली आला की सगळा घोळका एका दिशेला निघतो. ना कुणी पुढारी, ना कुणाचा हुकूम. प्रत्येक जण फक्त शेजारी बघतोय.

आमच्या प्रोजेक्टमध्ये हेच होतं. स्क्रीनवर तीनशे बाण, आधी वाटेल तिकडे तोंडं, आणि थोड्या वेळात सगळे एका दिशेला. मग आम्ही एक बाण हट्टी केला. तो कुणाचीच सरासरी घेत नाही, आपली दिशा सोडत नाही. २००३ मध्ये तिघा संशोधकांनी सिद्ध केलंय की असा एक जरी असला आणि बाकीच्यांशी त्याचा संपर्क टिकून राहिला, थेट किंवा शेजाऱ्याच्या शेजाऱ्यामार्फत, तर शेवटी सगळे त्याच्या दिशेला येतात. पण संपर्क तुटला तर? थवा निघून जातो आणि हा एकटा उरतो. स्क्रीनवर आम्हाला दोन्ही दिसलं.

आता परत इटलीत चला. १९२२ मध्ये मुसोलिनी सत्तेवर आला. सुरुवातीपासून सिनेटमध्ये विरोध करणाऱ्या मोजक्या लोकांत व्होल्टेरा होते. १९२५ मध्ये फॅसिझमविरोधी विचारवंतांचं जाहीर पत्रक निघालं, त्यावर त्यांची सही होती. त्याची किंमत हळूहळू वसूल होत गेली. संशोधन परिषदेचं अध्यक्षपद १९२७ मध्ये मार्कोनींकडे गेलं.

१९३१ च्या ऑगस्टमध्ये फर्मान निघालं. विद्यापीठातल्या प्रत्येक प्राध्यापकानं राजाशी आणि फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायची, आणि राजवटीला वाहिलेले नागरिक घडवीन असं कबूल करायचं. देशात प्राध्यापक होते बाराशेच्या वर. नकार किती जणांनी दिला असेल? जेमतेम डझनभर! त्यात गणिताचा माणूस एकच, व्होल्टेरा.

बाकीचे सगळे काय भित्रे होते? नाही हो. आणि इथेच मला थव्याचं गणित आठवतं. कम्युनिस्ट नेते तोग्लियात्ती यांनी आपल्या प्राध्यापकांना सही करा म्हटलं, म्हणजे आत राहून काम करता येईल. पोपनी कॅथलिकांना सांगितलं की मनात अट ठेवून सही केली तर चालेल. स्वतः फॅसिझमच्या विरोधात असलेले तत्त्वज्ञ क्रोचे यांचाही सल्ला होता की शिकवत राहा, वर्ग त्यांच्या हाती देऊ नका. कारणं सगळी पटण्यासारखी होती. घर होतं, पोरंबाळं होती. आणि शेजारच्या केबिनमधल्यानं सही केलेली दिसत होती. व्होल्टेरांचे जवळचे सहकारी तुल्यो लेवी-चिविता, टेन्सरवाले, त्यांनीही मनाविरुद्ध का होईना, शपथ घेतली. तरुण एन्रिको फर्मीही शपथ घेणाऱ्यांतच होते. एकाही माणसाला वाटत नव्हतं की आपल्या एका सहीनं काही बिघडेल. सगळ्यांची सरासरी घेतली आणि पूर्ण देश एका दिशेला वळला.

एकाहत्तर वर्षांच्या व्होल्टेरांनी विद्यापीठाच्या प्रमुखांना एक छोटंसं पत्र पाठवलं. आपल्या मनाला हे पटत नाही, म्हणून शपथ घेता येणार नाही. ना भाषण, ना शिव्याशाप. एकतीस वर्षांची नोकरी गेली. गंमत बघा, याच १९३१ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचं प्राण्यांच्या जीवनसंघर्षाच्या गणितावरचं मोठं पुस्तक फ्रेंचमध्ये बाहेर आलं. जगात त्यांच्या नावाचा डंका आणि स्वतःच्या शहरात विद्यापीठाचं दार बंद! १९३४ मध्ये अकादम्यांनाही शपथ लागू झाली. त्यांनी तिथेही नकार दिला आणि ज्या लिन्चेईचे ते अध्यक्ष होते तिथलं सभासदत्व गेलं.

पुढची वर्षं त्यांनी बरीचशी परदेशात व्याख्यानं देत आणि रोमजवळ आरिच्चा इथल्या घरी लिहीत काढली. १९३५ मध्ये दान्कोनाबरोबर त्यांचं अजून एक पुस्तक आलं. १९३६ मध्ये पोपच्या विज्ञान अकादमीनं या ज्यू माणसाला सभासद करून घेतलं. १९३८ मध्ये वंशाचे कायदे आले आणि शपथ घेतलेल्यांनाही कळलं की सहीनं काही वाचत नसतं. लेवी-चिवितांना ज्यू म्हणून काढून टाकलं. फर्मींची बायको ज्यू होती, ते नोबेल घ्यायला स्टॉकहोमला गेले ते तसेच अमेरिकेला निघून गेले. व्होल्टेरांचा मुलगा एदोआर्दो रोमन कायद्याचा प्राध्यापक होता, त्याचीही जागा गेली. ११ ऑक्टोबर १९४० ला व्होल्टेरा रोममध्ये वारले. फॅसिस्ट राजवट पडलेली बघणं त्यांच्या नशिबात नव्हतं. एक हट्टी बाण, आणि थवा कधीच लांब गेलेला.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलीच नसती. रोममध्ये हिवाळ्यात संध्याकाळी आकाशात लाखो स्टार्लिंग जमतात. आपल्याकडे थंडीत ज्वारीच्या शेतांवर भोरड्यांचे थवे येतात ना, त्यांची ही भावकीच. २००५ नंतरच्या हिवाळ्यांत रोमच्या शास्त्रज्ञांनी रेल्वे स्टेशनजवळच्या एका म्युझियमच्या गच्चीवर कॅमेरे लावले आणि थव्यातल्या प्रत्येक पक्ष्याची जागा तिन्ही मितींत मोजली. २००८ मध्ये निष्कर्ष आला. पक्षी ठरावीक अंतरापर्यंतच्या सगळ्यांकडे बघत नाही. तो बघतो फक्त जवळच्या सहा-सात पक्ष्यांकडे, ते हातभर लांब असोत की दहा हात. म्हणून ससाण्याचा हल्ला झाला, थवा पसरला, तरी तुटत नाही. या कामातले एक शास्त्रज्ञ होते जॉर्जो पारिसी, ज्यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि २०१८ ते २०२१ ते कशाचे अध्यक्ष होते, माहितीये? लिन्चेई अकादमीचे. ज्या खुर्चीवर व्होल्टेरा बसायचे, जिथून त्यांना बाहेर काढलं, तिथेच. व्होल्टेरांनी बाकी ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच गावच्या आकाशात सापडलं!

मित्रांनो, आपणही सहा-सात जणांकडे बघूनच वळतो की. ब्रांच कुठली घ्यायची, क्लास कुठला लावायचा, मास बंक करायचा की नाही, कुणाची रॅगिंग चालू असेल तर थांबायचं की बघून पुढे जायचं. 'सगळेच करतात' मधले सगळे मोजून बघा, सहा-सातच निघतील. त्यात दरवेळी चूक असतं असं माझं म्हणणं नाही. शेजाऱ्याकडे बघणारा पक्षी मूर्ख नसतो, त्यामुळेच तो ससाण्यापासून वाचतो. पण व्होल्टेरांचं आयुष्य वाचल्यावर मला हाच हिशेब उलट्या बाजूनं दिसायला लागला. आपण सहा-सातांकडे बघतो, तसंच कुणीतरी आपल्याकडेही बघत असतं. त्याच्या सरासरीत आपली दिशा धरलेली असते. तेव्हा माझ्या एकटीनं काय फरक पडतो, हे वाक्य गणिताच्या दृष्टीनं तरी बरोबर नाही!